टीव्हीसाठी भूविज्ञानाचा माहितीपट कसा करावा: नागपुरातल्या नवख्यांसाठी

भूविज्ञानावर माहितीपट करायचा असेल तर नागपूरइतकं सोयीचं शहर सहसा सापडत नाही. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वरकडे निघालात की दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट लागतो, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. कामठी, सिल्लेवाड्याकडे कन्हानच्या काठाने वालुकाश्म दिसतो. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली ती वाळू आहे. उमरेडला त्याहूनही जुना कोळसा आहे. रामटेक, मनसरला उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेले खडक आहेत आणि त्यांत मँगनीज आहे. त्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. यातल्या कुठल्याही ठिकाणी सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येतं.

माणसंही इथेच आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, मातीचं सर्वेक्षण करणारा राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडला. केंद्रीय भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय, मँगनीज काढणारी मॉइल कंपनी, कोळसा काढणारी वेकोलि, विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग, हे सगळं या एका शहरात आहे. तरीही आपल्या पायाखालच्या जमिनीवर मराठीत नीट केलेला माहितीपट शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. ही उणीव भरून निघावी, म्हणून हा लेख.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच कसोटी लावा: पडद्यावर केलेलं प्रत्येक विधान प्रेक्षकाला दिसणाऱ्या एखाद्या वस्तूवर टेकलेलं असलं पाहिजे. "इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी तळं होतं" असं नुसतं सांगितलं की प्रेक्षक ऐकतो आणि विसरतो. तेच, दगडात अडकलेला गोड्या पाण्यातला शंख आधी दाखवला, तो हातात फिरवला आणि मग तळ्याचं नाव काढलं, तर तो निष्कर्ष प्रेक्षकाचा स्वतःचा होतो. हे आपल्याला कळलं कसं, हे दाखवणं हाच या प्रकारच्या माहितीपटाचा गाभा आहे.

पहिली पायरी: एक प्रश्न

"दख्खनचं पठार" हा विषय झाला. त्यावर चोवीस मिनिटं काढायला गेलात तर पाठ्यपुस्तकातला धडा तयार होईल. प्रश्न असा हवा की जो लोकांच्या तोंडी आधीपासून आहे. काटोल, नरखेड भागात कुठल्याही संत्र्याच्या बागेत जा, हा प्रश्न ऐकायला मिळेल: शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं, माझी कोरडी का गेली? शेतकरी सांगतो, "तीनशे फूट गेलो जी, नुसती धूळच धूळ. बाजूवाल्याले दीडशेतच लागलं." हे वाक्य तुमच्या माहितीपटाची सुरुवात होऊ शकतं.

कारण त्याचं उत्तर शोधायला निघालं की भूविज्ञान आपोआप उलगडत जातं. काळा पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी मुरत नाही. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये, आणि एका लाव्ह्याच्या थराचा पोकळ, जाळीदार माथा जिथे दुसऱ्या थराच्या बुडाला भेटतो त्या सांध्यात. म्हणजे लाव्हा एकदाच आला नाही, थरांवर थर येत गेले. दोन थरांच्या मधे किती काळ गेला? काही ठिकाणी इतका, की तिथे तळी तयार झाली, त्यांत शंखशिंपले वाढले, काठाला झाडं आली, आणि मग पुढच्या लाव्ह्याने ते सगळं झाकलं. एका कोरड्या बोअरपासून माणूस ६.६ कोटी वर्षं मागे जातो, आणि वाटेत कुठेही त्याला ओढत न्यावं लागत नाही. या लेखात मी हेच उदाहरण धरून पुढे जाणार आहे.

दुसरी पायरी: वाचन आणि नकाशा

महिना-दोन महिने वाचनात गेले तरी ते वाया जात नाहीत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे मोफत पाहता येतात. नागपूर परिसर भारतीय सर्वेक्षणाच्या ५५ ओ या नकाशात येतो. खडकांचे रंगीत पट्टे आणि गावांची नावं समोरासमोर ठेवून बसलात तर शूटिंगच्या अर्ध्या जागा टेबलावरच ठरतात. भूजलासाठी जीएसडीए, म्हणजे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून ठरावीक वेळा मोजते. त्या नोंदी बघून मगच गाव निवडा.

इतिहासाकडेही जरा वळून बघा. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी या भागातले खडक आणि जीवाश्म गोळा करून त्यांची नोंद केली, आणि १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांचा निबंध छापून आला. सीताबर्डीच्या टेकडीत दोन लाव्हा-थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गाळाचा पट्टा आहे, हे त्यांनी नोंदवलं. टाकळीला त्यांना त्याच प्रकारच्या गाळात फळं, बिया आणि किड्यांच्या पंखांची कवचं मिळाली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले प्राचीन दगड, बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. रोज सीताबर्डीवरून जाणाऱ्या माणसाला आपण गाडलेल्या तळ्याशेजारून जातोय हे सांगणारा एक प्रसंग तुमच्या माहितीपटात हवाच.

वाचताना आकड्यांची एक वही वेगळी ठेवा. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहा, आणि मिलियन-बिलियनचं मराठी करताना दोनदा तपासा. एक मिलियन म्हणजे दहा लाख, ६६ मिलियन म्हणजे ६ कोटी ६० लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ६६ मिलियनचं ६६ कोटी छापलेलं आणि बोललेलं अनेकदा दिसतं, आणि टीव्हीवर गेलेली चूक परत घेता येत नाही. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. ते एका कोपऱ्यात लिहून ठेवलंत की बाकीच्या आकड्यांचा तोल सांभाळता येतो.

जिथे शास्त्रज्ञांमध्येच दोन आकडे आहेत तिथे दोन्ही सांगा. लोणारच्या विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं आलं, आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या नंतरच्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. यातला एक आकडा निवडून ठासून सांगण्यापेक्षा मोजमाप कसं होतं आणि फरक का पडतो, हे दाखवलंत तर पाच मिनिटांचा उत्तम भाग होईल. डायनोसॉर नष्ट झाले ते दख्खनच्या लाव्ह्यामुळे की मेक्सिकोतल्या उल्कापातामुळे, हा वादही तसाच. "लाव्ह्याने डायनोसॉर मेले" असं एक ठोक वाक्य टाकून मोकळं होऊ नका.

तिसरी पायरी: रेकी

रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जाताना, कॅमेरामनला आणि एखाद्या भूवैज्ञानिकाला सोबत न्या, दोघांनाही. भूवैज्ञानिक सांगेल काय बघायचं, कॅमेरामन सांगेल ते कधी दिसेल. खडकाचा पोत कळायला तिरपा उजेड लागतो. पूर्वेकडे तोंड असलेली खदान सकाळी साडेसातला जिवंत दिसते, तीच बाराला सपाट भिंत होते. प्रत्येक जागेचा फोटो, वेळ, दिशा आणि जीपीएसची नोंद घ्या.

नवख्या माणसाने उघड्या विहिरीकडे विशेष लक्ष द्यावं. वरून काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण, आणि सांध्यातून झिरपणारं पाणी, हे सगळं एका चौकटीत बसतं. शिवाय तिथे विहीर खोदणारा किंवा तिचं पाणी उपसणारा माणूस भेटतो, आणि त्याला आपल्या जमिनीतले थर तोंडपाठ असतात.

हंगामाचा हिशोब रेकीतच करा. पावसाळ्यानंतर खडकांवर गवत माजतं आणि उघडे थर झाकले जातात. हिवाळ्यात उजेड चांगला असतो. थरांच्या सांध्यातून वाहणारे झरे मुख्यतः पावसाळ्यात दिसतात. काळ्या मातीला हात जाईल इतक्या भेगा पडतात त्या एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, कॅमेरा तापून बंद पडतो. म्हणून पाण्याच्या गोष्टीचं शूटिंग एका सलग आठवड्यात उरकू नका. पावसाळ्यात थोडं, मुख्य काम हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातल्या एक-दोन पहाटा, असं वर्षभर पसरवा. गाडीभाडं वाढेल, पण तेच विहिरीचं तळ ऑगस्टमध्ये आणि मे महिन्यात, त्याच जागी ट्रायपॉड लावून घेतलं तर एका शब्दाशिवाय सगळं कळतं. त्यासाठी ट्रायपॉडचे पाय कुठे होते ते दगडावर खुणा करून ठेवा.

चौथी पायरी: परवानग्या

हे काम कंटाळवाणं आहे आणि वेळ खातं, म्हणून पटकथेआधीच सुरू करा. सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाला कॅमेऱ्यासमोर बोलायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. अर्जासोबत माहितीपटाचा एक पानाचा सारांश आणि प्रश्नांची यादी जोडली तर काम लवकर होतं. निवृत्त भूवैज्ञानिक नागपुरात बरेच आहेत, त्यांच्याकडे वेळही असतो आणि पन्नास वर्षांच्या भटकंतीतल्या आठवणीही असतात. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे परवानगी मिळेल असं गृहीत धरून पटकथा लिहू नका.

खाणींचं वेगळं आहे. भूमिगत कोळसा खाणीत मिथेन वायूचा धोका असतो, त्यामुळे साधा कॅमेरा, मोबाईल, बॅटरीवरचा दिवा आत नेता येत नाही. ठिणगीपासून सुरक्षित अशी मान्यता असलेलीच विजेची साधनं तिथे चालतात. तुमच्या माहितीपटात कोळसा हवा असेल तर खुली खाण धरा. तिथेही हेल्मेट, बूट, सोबत खाणीचा माणूस आणि ब्लास्टिंगच्या वेळा आधी विचारून घेणं सक्तीचं समजा.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. ड्रोनची नोंदणी लागते, आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या पोर्टलवरच्या नकाशात ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते हे बघावं लागतं. सोनेगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा परिसर शहरातच असल्याने नागपुरात हे तपासल्याशिवाय ड्रोन पिशवीतूनही बाहेर काढू नका. शेतमालक, ग्रामपंचायत, जंगलात जायचं असेल तर वनविभाग, आणि पडद्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र, हे तर आहेच.

जीवाश्म जिथे आहेत तिथेच राहू द्या. चित्रीकरण करा, मोजमाप घ्या, भूवैज्ञानिकाला कळवा, पण खिशात घालू नका. टीव्हीवर एखाद्याने दगड फोडून शंख काढलेला दाखवला की पुढच्या रविवारी तिथे पन्नास जण हातोडे घेऊन पोचतात.

पाचवी पायरी: खडकाचं शूटिंग

दगड हलत नाही, बोलत नाही, आणि नवख्या माणसाला वाटतं की त्यात दाखवण्यासारखं काही नाही. इथेच सगळ्यात जास्त मेहनत घ्या.

दगडावर पाणी शिंपडा. कोरडा बेसॉल्ट राखाडी आणि निर्जीव दिसतो, ओला झाला की त्यातले पांढरे, हिरवट खनिजांचे ठिपके उठून दिसतात. चौकटीत मापासाठी काहीतरी ठेवा, हातोडी, पेन किंवा माणसाचा पंजा. नाहीतर बोटभर थर आणि दोन मजली कडा यांतला फरक प्रेक्षकाला कळत नाही. आधी दुरून अख्खा कडा, मग थर, मग थराची कड, मग मॅक्रो लेन्सने एकच खनिज, असं पायरीपायरीने जवळ जा आणि हा क्रम एडिटिंगमध्ये मोडू नका. जवळचा शॉट आधी आला तर प्रेक्षकाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

मग विद्यापीठाच्या किंवा एखाद्या कॉलेजच्या भूविज्ञान विभागात जा. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर चिकटवून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काळ्याकुट्ट बेसॉल्टमधून उजेड आरपार जातो. फेल्डस्पार या खनिजाच्या काड्यांवर काळे-पांढरे पट्टे दिसतात, पायरोक्सिन या दुसऱ्या खनिजाचे कण निळे, केशरी, जांभळे होतात. सूक्ष्मदर्शकाची बैठक हळूहळू फिरवली की एकेक कण विझतो आणि पुन्हा उजळतो. हा शॉट न थांबता किमान अर्धा मिनिट घ्या. ज्या खदानीतून दगड आणला तिचा आणि या कापाचा शॉट शेजारी लावला की गिट्टीखदानच्या माणसालाही आपल्या दगडाकडे पुन्हा बघावंसं वाटेल.

बोअरच्या गोष्टीत खरं नाट्य रिगच्या, म्हणजे बोअर खोदणाऱ्या गाडीच्या बाजूला घडतं. गाडी चालू असताना बाहेर येणाऱ्या भुकटीचे ढीग ठरावीक खोलीवर काढून ओळीने मांडायला चालकाला सांगा. बरेच चालक ते करतातच. पहिले ढीग मातकट, मग काळपट राखाडी, मधेच एखादा लालसर, मग पुन्हा राखाडी. लालसर ढीग म्हणजे एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत उघड्यावर पडून झिजलेला थर असू शकतो. ही ओळ म्हणजे त्या शेताचा उभा छेद आहे, आणि तो शेतकऱ्याने पैसे मोजून काढलेला आहे. पाणी लागतं त्या क्षणी उडणारी धूळ थांबून चिखल येतो. तो क्षण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून एक कॅमेरा रिगच्या तोंडावर आणि दुसरा घरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ठेवा. लेन्सवर फिल्टर लावा, कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा. आणि बोअर कोरडी गेली तर त्या चेहऱ्यांवरून कॅमेरा कधी वळवायचा, हे माणूस म्हणून ठरवा.

तांत्रिक गोष्टी दोनच सांगतो. आपल्याकडे टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमवर चालतो आणि वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. आणि बॅटऱ्या उन्हात ठेवू नका, ओल्या कापडाजवळ पण पाण्यापासून लांब, सावलीत ठेवा.

सहावी पायरी: आवाज

कॅमेऱ्यासाठी पैसे कमी पडले तर चालतं, ध्वनिमुद्रणासाठी कमी पडू देऊ नका. टीव्ही बघणारं घर स्वयंपाक करत, फोनवर बोलत बघत असतं. निम्मा माहितीपट कानांनीच पोचतो. कॉलर माइक आणि बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, दोन्ही लावा, उघड्या माळावर माइकला केसाळ कव्हर घाला. उन्हाळ्यात नागपुरात घरोघरी कूलर चालू असतो, मुलाखतीआधी तो बंद करायला सांगा आणि शेजारचाही ऐकू येत नाही ना ते हेडफोन लावून तपासा. प्रत्येक जागी कुणीही न बोलता मिनिटभर नुसता तिथला आवाज घ्या.

दगडाचेही आवाज असतात. ताज्या बेसॉल्टवर हातोडी मारली की खणखणीत वाजतं, कामठीच्या वालुकाश्मावर बद्द होतं. हे दोन आवाज एकामागोमाग लावले की एक घट्ट आणि दुसरा सच्छिद्र, हे निवेदनाशिवाय कळतं. त्या वालुकाश्मात कणाकणांमधल्या पोकळीत पाणी साठतं, म्हणून कामठीकडच्या विहिरी आणि काटोलकडच्या विहिरी यांची गोष्ट वेगळी. प्रेक्षकाने हे ऐकून ओळखलं तर निवेदकाचं काम निम्मं होतं.

सातवी पायरी: शास्त्रज्ञाची मुलाखत

पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्चीत बसवलेला शास्त्रज्ञ टाळा. त्यांना खडकाजवळ न्या आणि हात खडकावर असताना बोलू द्या. बोलता बोलता त्यांचं बोट थराच्या कडेवरून आपोआप फिरायला लागतं, तो शॉट ठरवून मिळत नाही. आपला प्रश्न एडिटिंगमध्ये जाणार आहे, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायची विनंती आधीच करा. बहुतेकांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असतं. अशा वेळी, घरी मुलीला किंवा भाच्याला सांगाल तसं सांगा, असं म्हटलं की भाषा सैल होते. मधे इंग्रजी शब्द आला तर येऊ द्या, फक्त तो शब्द यायच्या आधी ती वस्तू प्रेक्षकाने पाहिलेली असावी.

मी तीन प्रश्न कधीच सोडत नाही: हे तुम्हाला कशावरून कळलं? दुसरं काही असण्याची शक्यता तुम्ही कशी बाद केली? आणि यातल्या कशाची खात्री अजून नाही? तिसऱ्या प्रश्नावर चांगला शास्त्रज्ञ क्षणभर थांबतो. ती थांबलेली क्षणभराची शांतता कापू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर किती रंगतदार असू शकतं याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, ही गोष्ट जगाला विदर्भातल्या एका शेतातल्या गोट्यांमधून कळली.

बोअरच्या माहितीपटात पाणाडीही भेटेल, नारळ किंवा काडी घेऊन जागा सांगणारा. त्याची थट्टा करू नका. ज्याची बाग वाळतेय तो माणूस त्याच्याकडे का जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. पण त्याला आणि भूजलतज्ज्ञाला समान वेळ देऊन "दोन्ही बाजू" मांडल्याचा आवही आणू नका. भूजलतज्ज्ञ चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकून बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजतात. ओला मुरूम वीज सहज जाऊ देतो, कोरडा पाषाण अडवतो. हे सगळं कॅमेऱ्यासमोर करून दाखवा, त्याच्या मर्यादाही तज्ज्ञाच्या तोंडून येऊ द्या, आणि बोअरचा निकाल काय लागला तो दाखवा.

आठवी पायरी: निवेदन

निवेदन चित्र बघत लिहा. कागदाच्या डाव्या बाजूला दृश्य, उजव्या बाजूला आवाज, आणि जे डावीकडे दिसतंय ते उजवीकडे पुन्हा सांगायचं नाही. एक नमुना देतो. पहिल्या मसुद्यात सहसा असं वाक्य येतं: "कोट्यवधी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकातून निर्माण झालेला हा सच्छिद्र बेसॉल्ट खडक निसर्गाच्या अद्भुत शक्तीची साक्ष देतो." यात बघण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी: "या दगडाला अनारशासारखी जाळी पडलीय. लाव्हा गोठत होता तेव्हा त्यातला वायू वर निघाला आणि अर्ध्या वाटेत अडकला. जाळी आहे म्हणजे हा थराचा माथा. याच्या वर जे आहे, ते नंतर आलं." चार छोटी वाक्यं, प्रत्येकाला एक शॉट, आणि शेवटी पुढची उत्सुकता.

प्रत्येक पान मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. वाचताना श्वास पुरला नाही तर वाक्य लांब आहे. दोन निवेदनांमध्ये नुसतं चित्र आणि आवाज असलेली जागा सोडा.

नववी पायरी: ग्राफिक्स आणि उसनी दृश्यं

इथे चुका फार होतात. दख्खनचा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून बाहेर आला आणि चादरीसारखा पसरला. त्याच्यासाठी शंकूच्या आकाराचा डोंगर फुटताना दाखवलात तर चित्र शब्दांना खोटं पाडतं. हवाईतल्या भेगांतून वाहणाऱ्या लाव्ह्याची दृश्यं जास्त जवळची आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने स्वतः केलेलं चित्रण सहसा हक्कमुक्त असतं. पण ते हवाईचं आहे, हे पडद्यावर लिहा. पृथ्वीच्या कवचाखाली लाल द्रवाचा समुद्र दाखवणारी ॲनिमेशन्सही टाळा. कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे आणि ते अतिशय सावकाश सरकतं. छेदाच्या चित्रात उंची वाढवून दाखवली असेल तर किती पटीने ते लिहा.

खंड सरकण्याची परदेशी ॲनिमेशन्स वापरताना भारताच्या सीमा तपासा. अधिकृत सीमेपेक्षा वेगळा नकाशा प्रसारित करता येत नाही, आणि एवढ्या एका कारणाने तयार माहितीपट परत येऊ शकतो.

दहावी पायरी: तपासणी आणि वाहिनी

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी झाल्यावर निवेदन आणि मुलाखतींची सगळी वाक्यं क्रमांक देऊन टाइप करा आणि दोन भूवैज्ञानिकांना द्या, त्यातला एक माहितीपटात न दिसणारा असावा. "चूक" आणि "अर्धवट" अशा दोनच खुणा करायला सांगा. अर्धवटच्या खुणा जास्त येतात आणि त्याच जास्त कामाच्या असतात. मग तोच कट जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांना आणि एखाद्या बोअर-गाडीच्या चालकाला दाखवा. ते बघत असताना तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. ते कुठे चुळबुळ करतात तो टाइमकोड लिहून घ्या.

वाहिनीकडे कटच्या आधी जा. सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचं केंद्र आहे, मराठीसाठी सह्याद्री वाहिनी आहे, खासगी वाहिन्या आहेत. स्लॉट नेमका किती मिनिटांचा, जाहिरातीचे ब्रेक कुठे, आवाजाची पातळी किती आणि फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये, हे लेखी मागून घ्या. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये तुमच्या हाती अर्ध्या तासापेक्षा कमीच वेळ येतो. मिक्सिंग मोठ्या स्पीकरवर झालं तरी शेवटचं ऐकणं साध्या टीव्हीवर करा. निवेदन, मुलाखती, संगीत आणि जागेचे आवाज यांचे ट्रॅक वेगवेगळे जपा, पडद्यावर अक्षरं नसलेली एक प्रतही ठेवा. हिंदी किंवा इंग्रजी आवृत्ती निघाली तर सगळं पुन्हा उकरावं लागत नाही.

मूळ फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. खडकाच्या प्रत्येक शॉटबरोबर जागा, तारीख, कॅमेऱ्याची दिशा आणि मापासाठी ठेवलेल्या वस्तूची लांबी अशी नोंद असलेली फाइल जोडा, आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला द्या. टाकळीला आता चहूबाजूंनी शहर आहे. खदानी बुजवल्या जातात, त्यांवर लेआउट पडतात. अशा जागेचा मोजमापासह घेतलेला शॉट पुढच्या संशोधकाच्या थेट कामाचा असतो.